जोडी कुठली घ्यावी? परकीय गुंतवणूक, आर्थिक वाढ आणि दक्षिण आशियातले सहा देश

माझी भाची ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करते. गेल्या रविवारी ती फोंड्याला आमच्याकडे आली. समोर पातळ भाजी-पाव, हातात एक कागद. कागदावर लांबलचक शीर्षक: ‘दक्षिण आशियातील उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमधील परकीय थेट गुंतवणूक आणि आर्थिक वाढ’. गाइडनी तिला सांगितलं होतं, की एवढा सगळा दक्षिण आशिया एका डिसर्टेशनात मावत नाही. दोन देश निवड आणि तेच का, ते एका पानात लिहून सोमवारी आण. तिच्या मनात भारत-पाकिस्तान होतं. म्हणाली, ‘मामा, लोकांना तेच वाचायला आवडतं.’

मी नोकरीची बरीच वर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात काढली. बाहेरून भांडवल आलं, कंपनीने त्याबदल्यात शेअर दिले, की तीस दिवसांत एफसी-जीपीआर नावाचा फॉर्म रिझर्व्ह बँकेला जायचा. त्या फॉर्मवर रक्कम, भाव, हिस्सा, सगळ्याला रकाने असतात. त्या पैशाने इथला माणूस काय शिकला, याला रकाना नसतो. देशादेशांची तुलना करताना नेमका तोच रकाना मोकळा राहतो, आणि विद्यार्थी उरलेल्या आकड्यांवर रिग्रेशन, म्हणजे एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध मोजायची सांख्यिकी पद्धत, लावून मोकळे होतात.

माझं उत्तर आधीच सांगतो: बांगलादेश आणि श्रीलंका. अशाच विषयावर बसलेल्या आणखी कुणाला उपयोग व्हावा म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ मिटवू

गोव्यात ‘परदेशी पैसा’ म्हटलं की लोकांना मोरजी-आश्व्यातले बंगले आठवतात. ते या विषयात येत नाहीत. भारताबाहेर राहणाऱ्या, भारतीय मूळ नसलेल्या परदेशी माणसाला फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली इथे जमीन-घर विकत घेता येत नाही, आणि जमिनीच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात परकीय थेट गुंतवणूक बंदच आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्येत कंपनीच्या मतदानाधिकारातला दहा टक्के किंवा जास्त हिस्सा म्हणजे थेट गुंतवणूक. त्याखालचा पैसा शेअर बाजारात आज येतो नि उद्या जातो, त्याचा हिशेब वेगळा.

दुसरा घोळ जास्त फसवा आहे. परदेशी कंपनीने इथे कमावलेला नफा वाटला नाही, तर तो ‘पुनर्गुंतवलेला नफा’ म्हणून थेट गुंतवणुकीत धरला जातो. सीमा ओलांडून एक डॉलर आलेला नसतो. देशात डॉलरची टंचाई असेल आणि नफा बाहेर नेणं अडलं असेल, तर तो अडकलेला नफासुद्धा याच रकान्यात दिसू शकतो. म्हणजे कंपनी कुढत बसलेली आणि आकडा मात्र टवटवीत. बांगलादेशच्या आकड्यांत हा पुनर्गुंतवलेला भाग मोठा असतो, हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

बांगलादेश: कमी पैसा, भरपूर वाढ

इथे थेट गुंतवणूक जीडीपीच्या एका टक्क्याच्या आसपास, अलीकडे तर त्याच्याही खाली रेंगाळत आली आहे. २०२३ मध्ये ती अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेच्या हिशेबाने जेमतेम तीन अब्ज डॉलर होती. तरीही २०१० ते २०१९ या दशकात अर्थव्यवस्था सरासरी सहा टक्क्यांहून जास्त वेगाने वाढली. निर्यातीतले ऐंशी टक्क्यांहून अधिक उत्पन्न तयार कपड्यांचं. पाठ्यपुस्तकाच्या मांडणीत हे बसत नाही, म्हणूनच हा देश घ्यावा.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. १९७४ पासून मल्टिफायबर कराराने श्रीमंत देशांनी कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा घातला होता. दक्षिण कोरियाचा कोटा भरलेला, आणि बांगलादेशवर कोट्याची मर्यादाच नव्हती, कारण त्याची निर्यात नगण्य. कोरियाच्या देवू कंपनीने बांगलादेशातल्या देश गार्मेंट्स या कंपनीशी करार केला. १९७९ मध्ये देश गार्मेंट्सचे १३० लोक कोरियात देवूच्या बुसानच्या कारखान्यात शिकायला गेले. मशिन कसं लावायचं, लाइन कशी चालवायची, मालाचा दर्जा कसा तपासायचा, परदेशी गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार कसा करायचा, हे सगळं शिकून परतले. पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांनी देश गार्मेंट्स सोडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या दृष्टीने हा तोटा झाला, पण बांगलादेशचा कपडे उद्योग याच गळतीतून उभा राहिला.

पण नुसतं शिकून कारखाना निघत नाही, कापड घ्यायला पैसे लागतात. तिथे आमच्या बँकवाल्यांची एक जुनी युक्ती कामाला आली: बॅक-टू-बॅक एलसी. एलसी म्हणजे माल रवाना केल्याची कागदपत्रं दिली की पैसे देण्याची बँकेची हमी. परदेशी खरेदीदाराने दिलेली एलसी बँकेत ठेवायची, तिच्या आधारावर बँक कापड आयातीची दुसरी एलसी उघडून देते. कपडे रवाना झाले, पैसे आले, की आधी कापडवाल्याचे भागतात आणि उरलेले कारखानदाराचे. जोडीला बाँडेड वेअरहाउस, म्हणजे निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर आयात शुल्क नाही. खिशात फारसं भांडवल नसलेला माणूस या दोन सोयींवर निर्यातदार झाला.

आता भाचीला जे सांगितलं ते सांगतो. देवूचं उत्पन्न रॉयल्टी आणि विक्रीवरचं कमिशन यातून यायचं. हा शिकवण्याचा आणि माल खपवण्याचा करार होता. एफसी-जीपीआरसारख्या फॉर्मवर तो चढतच नाही. बांगलादेशच्या इतिहासातला सर्वांत फळलेला परदेशी संबंध ‘परकीय थेट गुंतवणूक’ या रकान्यात जवळजवळ सापडणार नाही. १९८३ मध्ये चितगावला निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं, तिथे कोरियन आणि इतर परदेशी कंपन्या आल्या, त्या मात्र आकड्यांत आहेत. पण धंद्याचा मोठा भाग देशी मालकांच्या हातात राहिला.

याची काळी बाजूही तिथलीच. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली. इमारतीतले कारखाने परदेशी ब्रँडसाठी शिवत होते. ब्रँडचा मालकी हिस्सा नव्हता, त्यामुळे इथेही आकड्यांत काही दिसत नाही.

अडचण आकडेवारीची आहे. आर्थिक वर्ष जुलै-जून. २०२४ मध्ये बांगलादेश बँकेच्या हिशेबातून उघड झालं, की निर्यातीचे सरकारी आकडे दहा अब्ज डॉलरहून अधिक फुगलेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकार कोसळलं. म्हणून अलीकडची वर्षं वगळून २०१९ ला थांबावं असं माझं मत आहे. कोविडही आपोआप टळतो.

श्रीलंका: शिकलेली माणसं, आधी उघडलेलं दार

दक्षिण आशियात बाजार सर्वांत आधी उघडला तो श्रीलंकेने. १९७७ मध्ये जयवर्धने सत्तेवर आले आणि आयातीवरची बंधनं सैल झाली. पुढच्या वर्षी ग्रेटर कोलंबो इकॉनॉमिक कमिशन आलं, विमानतळाला लागून कटुनायकेचं निर्यात क्षेत्र उभं राहिलं. आपल्याकडे १९९१ यायला तेव्हा चौदा वर्षं होती. साक्षरता, मुलींचं शिक्षण, आरोग्य, सगळ्यांत हा देश शेजाऱ्यांच्या पुढे.

संशोधनात एक गाजलेलं निरीक्षण आहे. बोरेन्स्टाइन, दे ग्रेगोरिओ आणि ली यांनी १९९८ मध्ये ६९ विकसनशील देशांचे आकडे तपासून म्हटलं, की परकीय गुंतवणुकीचा वाढीला फायदा होतो तो माणसांचं शिक्षण एका पातळीच्या वर असेल तरच. या हिशेबाने बाजी श्रीलंकेने मारायला हवी होती. मारली नाही. का नाही, यावर प्रकरण लिहिता येतं.

१९८३ ते २००९ यादवी युद्ध चाललं, हे पहिलं कारण आणि मोठं. पण युद्ध संपल्यावरही पैसा आला तो बराचसा बंदर, हॉटेल, इमारती यांत, आणि त्याहून कितीतरी जास्त कर्ज म्हणून. आंतरराष्ट्रीय रोखे विकून डॉलर आणले. डॉलर कमावणारे नवे कारखाने त्या मानाने वाढले नाहीत.

हंबनटोटाचं उदाहरण सगळे देतात, बहुतेक जण चुकीचं देतात. बंदर चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर बांधलं गेलं. २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्सला दिलं, १.१२ अब्ज डॉलरला. ‘कर्जाच्या बदल्यात बंदर गेलं’ असं म्हटलं जातं, पण कर्ज माफ झालं नाही, ते वहीत तसंच राहिलं. आलेल्या डॉलरनी देशाची गंगाजळी सावरली. आणि २०१७-१८ या दोन वर्षांचा थेट गुंतवणुकीचा आकडा त्यामुळेच फुगला. म्हणजे आहे ते बंदर भाड्याने देऊन कर्जाच्या ओझ्याखालचा देश श्वास घेतो, आणि रिग्रेशनला वाटतं गुंतवणूक वाढली. १२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. त्या वर्षी अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून अधिक आक्रसली, २०२४ मध्ये पुन्हा पाच टक्क्यांनी वाढली.

इथे एक बारीक सापळा: श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेचे काही तक्ते गुंतवणूकदार कंपन्यांनी बाहेरून घेतलेलं कर्जही आत धरतात, काही धरत नाहीत. २०१८ साठी एका तक्त्यात १.६ अब्ज डॉलर दिसतात, दुसऱ्यात २.३ च्या वर. एकच व्याख्या धरा आणि पहिल्या पानावर लिहून टाका.

या दोन देशांत जोडी जमते ती यामुळे. दोघेही कपडे निर्यात करतात, दोघांनी १९७८-७९ च्या सुमारास सुरुवात केली, दोघांना कोट्याच्या काळाचा फायदा मिळाला आणि २००५ पासून कोटा उठल्याचा धक्काही एकदमच बसला. शिक्षण एकाकडे, मजुरांची संख्या दुसऱ्याकडे. इतकी सारखी सुरुवात आणि इतकं वेगळं पुढचं आयुष्य शेजाऱ्यांत सहसा मिळत नाही.

भारत: देश मोठा, म्हणून तुलना अवघड

१९९१ च्या धोरणाने ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला आपोआप मंजुरी मिळाली. २०२१-२२ मध्ये एकूण आवक ८४.८ अब्ज डॉलरपर्यंत पोचली. मग २०२४-२५ पाहा. एकूण आवक ८१ अब्ज डॉलरच्या आसपास, पण निव्वळ आकडा, रिझर्व्ह बँकेच्या प्राथमिक हिशेबाने, फक्त ३५ कोटी डॉलर. ५१ अब्जांहून अधिक रक्कम जुन्या गुंतवणूकदारांनी परत नेली, आणि भारतीय कंपन्यांनीही बाहेर मोठी गुंतवणूक केली. त्याच वर्षी अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढली. निव्वळ आकडा घेतला तर परकीय गुंतवणुकीशिवाय देश वाढला असं निघतं. एकूण घेतला तर ती जोरात असतानाच वाढला असं. निष्कर्ष तुम्ही रकाना निवडतानाच निवडून बसता.

परत नेणं वाईटच असतं असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातल्या कंपनीचे शेअर बाजारात विकले, सुमारे २७,८७० कोटी रुपयांचे. सगळी रक्कम कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेली. पण तीन दशकांत श्रीपेरुंबुदूरभोवती उभे राहिलेले सुटे भाग बनवणारे कारखाने काही कोरियाला गेले नाहीत. अर्थतज्ज्ञ याव्होर्चिक यांनी २००४ मध्ये लिथुएनियाच्या कारखान्यांवरून हेच दाखवलं होतं: फायदा होतो तो परदेशी कंपनीला माल पुरवणाऱ्यांचा. व्हेनेझुएलावरचा एटकेन आणि हॅरिसन यांचा १९९९ चा अभ्यास उलटी बाजू सांगतो. त्याच धंद्यातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता परदेशी कंपनी आल्यावर घसरली.

भारताचं खरं दुखणं सरासरीचं आहे. २०२४-२५ च्या आवकेतला चाळीस टक्क्यांजवळचा वाटा एकट्या महाराष्ट्राचा, तोही बराचसा मुंबईत नोंदलेल्या कार्यालयांचा. असा देश श्रीलंकेशेजारी ठेवायचा म्हणजे मांडवीच्या बार्जशेजारी होडी. भारतच हवा असेल तर देशाऐवजी उद्योग घ्या. औषधं घ्या: नव्या कारखान्याला १०० टक्के आपोआप परवानगी, चालू कारखाना विकत घ्यायचा तर २०१६ पासून ७४ टक्क्यांपर्यंत आपोआप आणि वर सरकारची मंजुरी. नवा उभारणं आणि जुना विकत घेणं, याने वाढीत काय फरक पडतो, हा प्रश्न गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बसून विचारता येतो. माझी ही दुसऱ्या क्रमांकाची निवड.

पाकिस्तान, मालदीव, नेपाळ

भारत-पाकिस्तान मला नको होतं त्याचं कारण राजकारण नाही. पाकिस्तानातली मोठी परकीय गुंतवणूक विजेत आली. १९९४ च्या धोरणाखाली खासगी वीज कंपन्यांना डॉलरशी बांधलेला परतावा आणि वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे देण्याची हमी मिळाली. २०१५ च्या चीन-पाकिस्तान कॉरिडॉरची घोषणा ४६ अब्ज डॉलरची, त्यातही वीज वरचढ आणि पुष्कळ भाग कर्जाचा. रुपया घसरला की वीज महाग, वीज महाग झाली की थकबाकी, थकबाकीची साखळी सरकारच्या गळ्यात. आपल्याला हे नवीन नाही. गुहागरजवळ दाभोळला एन्रॉनच्या प्रकल्पाने महाराष्ट्र वीज मंडळाची हीच गत केली होती. १९९९ मध्ये वीज सुरू, २००१ मध्ये बंद. महाराष्ट्र एका प्रकल्पात सावध झाला. पाकिस्तानचा विषय उत्तम आहे, पण तो वीज करारांचा विषय आहे. भारताबरोबर ठेवलात तर परीक्षक काश्मीरबद्दल विचारतील.

मालदीव गोवेकराला मोह पाडणारा. १९७२ मध्ये पहिलं रिसॉर्ट, आज लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास आणि २०२४ मध्ये पर्यटक वीस लाखांवर. शिवाय गोव्यातला मोपाचा विमानतळ चालवणाऱ्या जीएमआर कंपनीने २०१० मध्ये मालेचा विमानतळ घेतला होता. २०१२ मध्ये तिथल्या सरकारने करार मोडला आणि लवादानंतर २०१६ मध्ये सुमारे २७ कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. त्याच जीएमआरच्या विमानतळ व्यवसायात २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्रुप एडीपीने ४९ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे बाहेर जाऊन गुंतवणूकदार म्हणून पोळलेली कंपनी घरी परकीय गुंतवणूक घेते. लेख म्हणून झकास. डिसर्टेशन म्हणून नको: २०२० मध्ये मालदीवची अर्थव्यवस्था जवळजवळ एक तृतीयांशाने घसरली आणि पुढच्या वर्षी उसळली. एक खांब पडला की पूर्ण घर पडतं अशा ठिकाणी सांख्यिकी काय सांगणार?

नेपाळ सोडून द्या. तिथे जीडीपीच्या चौथाईच्या घरात रक्कम बाहेर गेलेली माणसं पाठवतात, आपल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांतली पोरंही त्यात आली. परकीय गुंतवणुकीची किमान मर्यादा २०१९ मध्ये पाच कोटी नेपाळी रुपये केली, २०२२ मध्ये दोन कोटींवर आणली. अभ्यास करायचा तर माणसांनी पाठवलेल्या पैशाचा करा.

बांगलादेश-श्रीलंका ठरलं तर

वार्षिक आकडे घेऊन १९८० ते २०१९ पर्यंत प्रत्येक देशाची चाळीसच निरीक्षणं हाती येतात. त्यातून ‘गुंतवणुकीमुळे वाढ झाली’ हे सिद्ध होणं कठीण, कारण वाढणाऱ्या देशाकडे पैसा आपण होऊन धावतो. ग्रेंजर नावाची सांख्यिकी कसोटी लावा, पण ती फक्त आधी काय हललं ते सांगते. २००४ ची त्सुनामी, २००९ चा युद्धाचा शेवट, २०१७-१८ चं हंबनटोटा, या वर्षांना डमी लावा, म्हणजे ती वर्षं वेगळी होती अशी खूण करा. बांगलादेशचं जुलै-जून आणि श्रीलंकेचं जानेवारी-डिसेंबर जुळवून घ्या; नाही जुळवलं तर परीक्षकाच्या आधी मी विचारीन.

भाची ऐकत होती, मध्येच थांबवून म्हणाली, ‘मामा, पण आपल्याकडे तर लोकांनी गुंतवणूक आलेलीच परत पाठवली. मग गोवा मागे राहिला का?’ केरीच्या पठारावरचा नायलॉन ६,६ चा कारखाना १९९५ मध्ये लोकांनी होऊ दिला नाही, त्यात एक तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. २००७ संपता संपता सेझही, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रंही, रद्द झाली. दरडोई उत्पन्नात गोवा तरीही देशात वरच्या पंगतीत आहे. मी तिला एवढंच म्हटलं, की खाण, पर्यटन आणि बाहेरून येणारे पैसे यांनी ते झाकलं गेलं असेल, नसेलही. आणि तो तुझा विषय नाही, सोमवार जवळ आलाय.

सोमवारी तिने पान दिलं: बांगलादेश आणि श्रीलंका, १९८० ते २०१९. गाइडनी देश तसेच ठेवले, १९८० चं १९७८ केलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘देवू कुठल्या रकान्यात घालणार?’